कॅटनिप कुठे लावावं: मातीच्या कुंडीत की अ‍ॅक्वापॉनिक्सच्या वाफ्यात?

घरात अ‍ॅक्वापॉनिक्स, म्हणजे माशांची टाकी आणि तिच्याच पाण्यावर वाढणारा झाडांचा वाफा आधीच चालू असेल, आणि मांजरही असेल, तर कॅटनिपची, म्हणजे मांजरांना वासाने वेड लावणाऱ्या झाडाची, दोन रोपं त्याच वाफ्यात लावून टाकावीत असं वाटणं साहजिक आहे. रोज पाणी घालायची कटकट नाही, खत माशांकडून मिळतं आणि वाढही झपाट्याने होते. तरीही बहुतेकांना मी आधी कुंडीच सुचवेन. का, ते सांगतो.

कॅटनिप पुदिन्याच्या कुळातलं, पण स्वभावाने पुदिन्यासारखं नाही. पुदिना ओलीत फोफावतो. कॅटनिप मूळचं युरोप-आशियातलं, रस्त्याकडेला आणि पडीक जमिनीवरही वाढणारं. एकदा मूळ धरलं की ते थोडी तहान सहन करतं, मुळाशी साचलेलं पाणी मात्र त्याला चालत नाही. शिवाय आपल्याला हवा असतो तो त्याचा वास. मांजराला वेड लावणारं नेपेटालॅक्टोन हे वासाचं द्रव्य पानांवरच्या, मुख्यतः पानांच्या पाठीवरच्या सूक्ष्म ग्रंथींत तयार होतं. पान बोटांत चुरडून पाहिलं की ते किती भरलंय ते लगेच कळतं.

वाफ्यांतही फरक आहे

तरंगत्या तराफ्यावर मुळं चोवीस तास पाण्यात असतात. पाण्यात भरपूर हवा सोडली तर रोप जगतं, पण ६० ते ९० सेंटिमीटर उंच होणारं फांद्याफांद्यांचं झुडूप तराफ्यावर नीट उभं राहत नाही. पाइपातल्या पातळ प्रवाहाच्या पद्धतीत मुळांचा झुपका पाइप तुंबवतो. हे दोन्ही पर्याय मी सोडून देईन.

राहिला खडीचा किंवा भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा वाफा. सायफनमुळे, म्हणजे पाणी ठरावीक पातळीला चढलं की ते आपोआप उपसून टाकणाऱ्या नळीमुळे, तो आळीपाळीने भरतो आणि रिकामा होतो, पाणी उतरताना मुळांशी हवा खेचली जाते. कॅटनिपला हेच मानवतं. सुमारे ३० सेंटिमीटर खोलीचा वाफा घ्यावा आणि पाणी कितीही चढलं तरी वरचा ३ ते ५ सेंटिमीटरचा थर कोरडा राहील असा सायफन लावावा. रोपाचा बुंधा याच कोरड्या थरात हवा. तो सतत ओला राहिला की आधी काळपट, मऊ पडतो, मग वरचं सगळं रोप मान टाकतं. सायफनपासून रोप जरा लांब लावावं, म्हणजे मुळं त्यात शिरणार नाहीत.

पाण्याचा सामू (pH) ६.८ ते ७.२ असला की मासे, जिवाणू आणि कॅटनिप तिघांचंही जमतं. माशांच्या विष्ठेतला आणि कल्ल्यांतून येणारा अमोनिया जिवाणू आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात, त्यामुळे नत्राला (नायट्रोजनला) तोटा नसतो. तोटा असतो लोहाला आणि पालाशला (पोटॅशियमला), कारण माशांच्या खाद्यात ते झाडाला पुरेल इतकं नसतं. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडलंय. त्यासाठी डीटीपीए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहील असं बांधलेलं लोह वापरावं, या सामूला ईडीटीए हा दुसरा प्रकार नीट टिकत नाही. जुन्या पानांच्या कडा करपू लागल्या तर पालाश तपासावं.

कुंडीत यातलं काहीच करावं लागत नाही. भुसभुशीत माती, त्यात वाळू किंवा परलाइट (पाणी निचरायला मदत करणारे हलके पांढरे खडे), तळाला मोठं भोक आणि दिवसाला सहा तास ऊन. पाणी मातीचा वरचा थर सुकल्यावरच. खत बेतानेच घालावं, नत्र जास्त झालं की पाला लुसलुशीत होतो, पण वासाला फिका पडतो. वाफ्यात नत्राचा हा पुरवठा आपल्या हातात नसतो, मासे जेवढं खातील तेवढं झाडापुढे येतंच.

कीड पडली तर

माझ्या मते निर्णय इथेच व्हावा. मावा, पांढरी माशी आणि लाल कोळी कॅटनिपवर येतात. कुंडी असेल तर ती बाजूला उचलून साबणाचं पाणी मारता येतं आणि नंतर धुऊन टाकता येतं. वाफ्यावर मारलेला प्रत्येक थेंब टाकीत उतरतो. साबण माशांच्या कल्ल्यांना घातक, पायरेथ्रिनसारखी कीटकनाशकं तर फारच घातक, आणि त्यांच्याच जातीचं परमेथ्रिन मांजरालाही विषारी. म्हणजे वाफ्यात हाताशी उरतं ते पाण्याचा फवारा, कीड लागलेले शेंडे खुडणं आणि कीड खाणारे मित्रकीटक. रोज पानं उलटून बघायची तयारी असेल तर एवढ्यावर भागतं.

मांजराच्या बाजूने

साधारण तीनातल्या दोन मांजरांवरच कॅटनिपचा परिणाम होतो. हा गुण आनुवंशिक आहे, आणि तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लांवर तो सहसा दिसत नाही. म्हणून कुठेही लावण्याआधी चिमूटभर वाळलेला पाला मांजरापुढे ठेवून बघा. तो हुंगून ते निघून गेलं तर प्रश्नच मिटला.

परिणाम होतो तो वासाने, आणि टिकतो पाच ते पंधरा मिनिटं. नंतर निदान अर्धा तास तरी मांजर त्याच पाल्याकडे ढुंकून बघत नाही. एका मांजराला कुंडीतलं एक झाड सहज पुरतं. वाफ्याचा खरा फायदा म्हणजे भरपूर पाला, आणि इथे त्याची गरजच नाही. बरीच मांजरं असतील, किंवा पाला वाळवून हवाबंद डब्यात साठवायचा असेल, तर मात्र वाफा उपयोगी पडतो. फुलं यायच्या सुमारास कापणी करावी, तेव्हा वास भरात असतो.

खडीचा वाफा मांजराला शौचाची जागाही वाटू शकतो, आणि ती घाण थेट टाकीच्या पाण्यात जाते. त्याच पाण्यावर घरात खायची भाजी असेल तर हे अजिबात परवडणारं नाही. वाफ्यावर जाळी, टाकीवर घट्ट झाकण आणि मांजराला फक्त खुडलेली डहाळी, असं ठरवूनच वाफ्यात लावावं. कुंडीवर लोळून मांजराने फांद्या मोडल्या तर नुकसान तेवढ्या झाडाचंच.

टाकी अजून उभारलेलीच नसेल तर निव्वळ कॅटनिपसाठी ती उभारू नये. जिवाणू स्थिरावायलाच चार ते सहा आठवडे लागतात, पंप बंद पडला की मासे धोक्यात येतात, आणि थंडीत कॅटनिप जमिनीलगत वाळून बसतं तेव्हा नायट्रेट शोषायला दुसरं कोणीतरी लागतंच. चालू वाफ्यात पालेभाज्या असतील तर त्यांच्या कडेला एखादं रोप खुशाल लावा. ते रोपवाटिकेतून आणून थेट वाफ्यात नको, त्यावर आधी काय फवारलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. आणलेलं रोप कुंडीतच वाढू द्या, नवे शेंडे फुटले की दहाएक सेंटिमीटरचा एक शेंडा पेराखाली कापा, खालची पानं काढून पाण्यात ठेवा, आणि मुळं फुटली की तोच वाफ्यात लावा.