जुन्या पिक्चरमधला ट्रक ओळखायचाय: घरी बसून फ्रेम थांबवायच्या की सरळ कळंबोली गाठायची?

गेल्या महिन्याभरात तिघांनी हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. माझा ट्रकशी धंद्याचा काही संबंध नाही, ठाण्यात वर्तकनगरला राहतो, घराची अर्धी गॅलरी लाकूड, प्लास्टिक शीट आणि फेविक्विकने भरून ठेवलीय आणि तिथे एकास चोवीसच्या मापात जुने ट्रक बनवतो, तेही शक्यतो पिक्चरमध्ये दिसलेले. बायकोच्या मते हा आजार आहे. असो. मॉडेल बनवायचं तर आधी समोर दिसतोय तो ट्रक नक्की कुठला, कुठल्या काळातला, चासी (खालचा सांगाडा) किती लांब, हे कळायला लागतं, आणि त्याचे माझ्या बघण्यात दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडायचा, फ्रेम थांबवत बसायचं आणि जुनी ब्रोशर, जाहिराती, फोटो शोधून जुळवत बसायचं. दुसरा म्हणजे त्याच फ्रेमची प्रिंट काढायची आणि पनवेलजवळच्या कळंबोलीला ट्रक टर्मिनलच्या बाजूला ज्याचे केस पिकलेत असा मिस्त्री शोधायचा. दोन्ही केलंय. पहिलं बरीच वर्षं केलंय, दुसरं आता आता.

आधी घरबसल्या रस्त्याचं कौतुक करतो कारण ते खरंच आहे. ट्रक परदेशातला असेल तर कळंबोलीला जायचा विचारसुद्धा करू नका. स्पीलबर्गचा १९७१ चा ड्युएल घ्या, त्यातला तो गंजका राक्षस १९५५ चा पीटरबिल्ट २८१ आहे हे कुणीही दोन मिनिटांत सांगेल. वाद झालाच तर २८१ की ३५१ एवढाच होतो, कारण दोघांचं ते अरुंद लांब तोंड सारखंच, फरक मागे, २८१ ला एक ड्राइव्ह ॲक्सल (इंजिनाने फिरणारा मागचा आस) आणि ३५१ ला दोन. तोंड बघून कळत नाही, पण तिकडच्या हौशी लोकांनी हे सगळं इतकं चघळून ठेवलंय की आपल्याला फक्त वाचायचंय. स्पीलबर्गने म्हणे ट्रकांची ऑडिशन घेतल्यासारखे ओळीने ट्रक बघितले आणि ह्याचं लांब तोंड, दुभंगलेली काच आणि गोल दिवे मिळून चेहरा दिसतो म्हणून हा निवडला. बनवताना काचेच्या मधल्या पट्टीचं वळण जरा चुकलं की तो चेहरा राहत नाही, हे मी दोनदा चुकून शिकलोय.

आपल्या ट्रकांचं मात्र तसं नाही. आपल्याकडे कंपनी पुढचं तोंड आणि चासी द्यायची, केबिन आणि हौदा (मागचा माल भरायचा भाग) बॉडीवाला बांधायचा, म्हणजे एकाच दिवशी फॅक्टरीतून निघालेले दोन ट्रक एक पंजाबात आणि एक कोल्हापुरात बांधला तर सख्खे भाऊ वाटणार नाहीत. फ्रेममध्ये ऐंशी टक्के जे दिसतं ते बॉडीवाल्याचं असतं, आणि त्याचं ब्रोशर कुठून आणणार?

तरी घरी बसून काही गोष्टी पक्क्या लागतात. बॉनेटवर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी आहे का बघायचं. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९, त्या काळात गाडी टाटा-मर्सिडीज, नंतर चांदणी गेली आणि टाटाचं टी आलं. नंबरप्लेट बघायची. एमएच शून्य चार वगैरे पाट्या १ जुलै १९८९ नंतरच्या, त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे. सत्तर सालची गोष्ट दाखवतायत आणि ट्रकवर एमएच ०४ दिसली की समजायचं आर्ट डिपार्टमेंटला घाई होती, आणि आपल्या ठाण्याचीच गाडी भाड्याने आणली होती. कपाळावर पब्लिक कॅरिअर लिहिलंय का तेही बघायचं, कारण हा शब्द १९३९ च्या मोटार कायद्यातल्या परमिटचा, १९८८ च्या कायद्यात ते गेलं. रंग बरीच वर्षं तसाच राहिला ते वेगळं.

पण ह्यातलं सगळं खोटं असू शकतं ना. प्लेट शूटिंगसाठी रंगवलेली असते, आणि चांदणीचं तर विचारूच नका, १९६९ नंतरच्या गाडीवरसुद्धा मालकाने हौसेने भंगारातून आणून लावलेली असायची. आवाजावर तर अजिबात जाऊ नका, तेव्हाचा बहुतेक आवाज नंतर स्टुडिओत भरलेला. कळंबोलीच्या मिस्त्रीकाकांना (ते पुढे येतीलच) मी मोबाईलवर एक सीन ऐकवला तर डोळे मिटून म्हणाले, "हे पेट्रोलचं इंजिन आहे." मग डोळे उघडून पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "ट्रक डिझेलचा आहे." आणि मोबाईल परत दिला.

आता मला ज्या गोष्टीने वैताग आणला ती सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या रंगीत हिंदी पिक्चरमधला ट्रक घेतला होता, नाव सांगत नाही, घाटातला सीन आहे, ट्रक बाजूने पूर्ण दिसतो, म्हणजे मॉडेलवाल्याची लॉटरी. पिक्चर नेटवर फुकट होता. मी फ्रेम थांबवली, स्क्रीनवर पट्टी लावली. अशा ट्रकला नऊशे-वीसचा टायर धरला तर तो साधारण एक मीटर उंच, मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत असे किती टायर बसतात ते मोजलं की व्हीलबेस मिळतो, सोपं गणित. चाकाच्या दोन्ही बाजूंना धूळ उडत होती म्हणून मी टायरची उंची मोजली, रुंदी नाही. उत्तर आलं ५.६ मीटर. मी खूश, काहीतरी स्पेशल लांब चासी सापडली म्हणून. चार रात्री त्या लांब चासीचा पुरावा शोधत होतो, गाड्यांच्या एका मोठ्या साइटवर तिघांशी वाद घातला, आणि शेवटी २३ सेंटिमीटर व्हीलबेसची चासी कापून, पाटे लावून, रंगवून मोकळा झालो. हौदा बांधायला घेतला तेव्हा काहीतरी आगगाडीसारखं दिसायला लागलं, पण म्हटलं असेल.

मग एका नातेवाईकाच्या कामासाठी पनवेलला जायचं होतं, तर प्रिंट बरोबर घेतली. ठाण्याहून पनवेल लोकल, खांदेश्वरला उतरून रिक्षा. कळंबोलीत दोन गॅरेजनी हाकललं, बरोबरच आहे, कामाच्या वेळी कोण जुने फोटो बघणार. तिसऱ्या ठिकाणी सत्तरीचे एक काका स्टुलावर बसून पोरांना शिव्या घालत होते, मूळचे कराडकडचे. त्यांनी प्रिंट हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"चाक अंड्यासारखं का रे हे?"

"काका, फोटो आहे तो पिक्चरमधला."

"फोटो असला म्हणून काय झालं, चाक गोल नको?"

मी प्रिंटकडे बघितलं आणि खरंच, चाक आडवं अंडं होतं. चार रात्री बघत होतो, पट्टी लावून बघत होतो, दिसलं नाही. ज्याने कुणी तो पिक्चर चढवला होता त्याने जुना चार-तीनचा चौकोन ताणून सोळा-नऊच्या टीव्हीएवढा केला होता, म्हणजे आडवं सगळं बरोबर एक तृतीयांशाने वाढलं आणि उभं तेवढंच राहिलं. मी आडवं अंतर उभ्या टायरने मोजलं होतं. ५.६ ला १.३३ ने भागा, ४.२ येतं. काका तोपर्यंत म्हणालेच होते, "बारा-दहा आहे, बेचाळीसची चासी," आणि बेचाळीस म्हणजे ४.२ मीटरच. मोजमाप न करता. बारा-दहा म्हणजे टाटाचं १२१० मॉडेल.

तर हा जो ताणाताणीचा प्रकार आहे ना, त्यानेच माझं घरबसल्या कामावरचं मन उडालं. चूक माझीच होती, मान्य. रुंदी मोजली असती तर वाचलो असतो, आणि व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेअरमध्ये ए चं बटण दाबत गेलं की चित्राचं प्रमाण बदलतं, चाक गोल होईपर्यंत दाबायचं आणि मगच पट्टी लावायची, हे आता मी करतो आणि तुम्हीही करा. पण नेटवर हे जुने पिक्चर इतक्या हातांतून गेलेले असतात, कुणी ताणलेले, कुणी कडा कापलेले, की जी नंबरप्लेट हवी तीच कापलेली असते, आणि सिनेमास्कोपमधला रुंद पिक्चर असेल तर त्याची वेगळीच चेपाचेपी. प्रत्येक वेळी आधी चित्र सरळ करा, मग ट्रक बघा. दिवसभर ऑफिस करून रात्री अकराला हे करायचा मला कंटाळा येतो, तुम्हाला कदाचित येणार नाही.

आणि त्याच दिवशी काकांनी अजून एक गोष्ट दाखवली जी मला घरी जन्मात दिसली नसती. माझ्याकडे तीन प्रिंट होत्या, घाट चढतानाची, हॉटेलसमोर उभी असलेली आणि दरीत कोसळतानाची. त्यांनी तिसरी बाजूला काढली, "ही ह्यांच्यातली नाही." स्टेपनी वेगळ्या जागी, हौद्याच्या बाजूच्या दोरी बांधायच्या कड्या कमी, मागचा फाळका दुसऱ्या पद्धतीचा. साहजिक आहे म्हणा, चालता ट्रक दरीत कोण टाकेल, भंगारातला रंगवून टाकला असणार. पण मी फाळका त्याच फ्रेमवरून बनवला होता. तोही गेला.

आता काकांची बाजू फार चढवून सांगतोय असं वाटू नये म्हणून त्यांचं काय खटकतं तेही लिहितो. साल विचारू नका. माझा अनुभव तरी असा की प्रत्येक जुनी गाडी "सत्तरचं मॉडेल" असते, त्याच्या आधीची म्हणजे "लई जुनी". सालासाठी शेवटी चांदणी, प्लेट आणि घरचा लॅपटॉपच. शिवाय बोली वेगळी असते, लेलँडवाले मिस्त्री तीनशे सत्तर, चारशे असं बोलतात, ते इंजिनाचे घन इंच, आणि टाटावाले बारा-दहा म्हणतात ते टन आणि ताकद. मी पहिल्यांदा दोन्हीची सरमिसळ करून लेलँडच्या एका कॉमेटला टाटाचं इंजिन लावून ठेवलं होतं वहीत. ज्याने आयुष्यभर लेलँड केली त्याला टाटाचं विचारलंत तर उत्तर मिळतं पण त्यावर विश्वास ठेवू नये. बेडफोर्ड आणि फार्गोचं तर आता सांगणारे कमीच उरलेत, फार्गो आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची, तरी इकडे विचारलं तर बहुतेक पोरं नावच पहिल्यांदा ऐकतात.

वेळही जातो. ठाण्याहून जाऊन-येऊन अर्धा दिवस धरा, रस्त्याने गेलात तर शिळफाट्याला काय होईल ते तुमच्या नशिबावर. जेवणाच्या सुट्टीत जा, गिअरबॉक्स खाली उतरवलेला असताना अजिबात उभे राहू नका. सगळ्यात बेस्ट म्हणजे खंडेनवमी, हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून मांडलेली असतात, कामाला हात लावायचा नसतो आणि मिस्त्री लोक गप्पांच्या मूडमध्ये असतात. मी मागच्या वर्षी त्या दिवशी गेलो तर एका ट्रकचा विषय काढला आणि चार जणांनी मिळून त्याची स्टेअरिंग किती जड होती ह्यावर तासभर घालवला. मला हवं होतं त्याचं मडगार्ड. मडगार्डचं पाच मिनिटांत झालं, पण त्या पाच मिनिटांत काकांनी पेन्सिलने प्रिंटच्या मागे जे वळण काढून दिलं ते मला कुठल्याच ब्रोशरमध्ये सापडलेलं नाही.

त्यामुळे ठरवताना माझं ऐकायचं तर, परदेशी ट्रक असेल, किंवा फक्त साल हवं असेल, किंवा तुम्हाला अनोळखी माणसाशी बोलायचाच संकोच असेल तर घरी बसा, काही बिघडत नाही, फक्त चाक गोल आहे ना तेवढं बघा. देशी ट्रक असेल आणि हौदा, फाळका, केबिन बनवायचं असेल तर मी तरी आता आधी तिकडे जातो आणि लॅपटॉप नंतर उघडतो. कुणाचा अनुभव उलटा असू शकतो, कुणाला तिथे नुसतंच "माहीत नाय" ऐकायला मिळेल. मलाही दोनदा मिळालंच होतं.

मोबाईलवर फोटो दाखवू नका हे मात्र आवर्जून सांगतो. ऑइलच्या हातांनी कुणी तुमचा फोन धरत नाही, आणि धरला तर झूम करताना फ्रेम पुढे सरकते आणि मग ती शोधण्यात चहा गार होतो. साध्या कागदावर मोठी प्रिंट काढा, चकचकीत नको, त्यावर पेन्सिल उमटत नाही. आणि प्रत्येकीच्या दोन काढा, कारण एक तिथेच राहते. माझी घाटातली प्रिंट, अंड्याच्या चाकांची, काकांनी दत्ताच्या फोटोखाली चिकटवलीय, आणि नवीन कुणी पोरगं कामाला लागलं की त्याला विचारतात, ह्यात काय चुकलंय सांग.