न्यूपोर्टचं महोगनी की न्यू हॅम्पशायरचं मेपल?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणारी आपली बरीच मंडळी घर घेतल्यावर काही वर्षांनी एका टप्प्याला येतात. खोक्यातून आणून स्क्रू पिळून उभं केलेलं कपाट दोन घरं बदलताना खिळखिळं झालेलं असतं. आता एक तरी भरीव लाकडाचं, नातवंडांपर्यंत टिकेल असं खणांचं कपाट हवं असतं. हाताने काम करणारे सुतार इथे मिळतात आणि वसाहतकाळातल्या नमुन्यांवर सुंदर काम करतात. मात्र नमुना कुठला, हे आपल्याला सांगावं लागतं. मी या निवडीत दोनदा पडलो आहे, एकदा चुकलोही आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

त्या काळी इथली सुतारकी बापाकडून मुलाकडे आणि सासऱ्याकडून जावयाकडे जायची. त्यामुळे गाण्यासारखी इथेही घराणी झाली. घरासाठी नमुना निवडायचा तर माझ्या मते तीन घराणी बघावीत: न्यूपोर्टचे टाउनसेंड आणि गॉडर्ड, न्यू हॅम्पशायरचे डनलॅप, लाँग आयलंडचे डोमिनी.

न्यूपोर्टपासून सुरुवात करतो, कारण पुस्तकात बघून सगळे आधी तिथेच अडकतात. रोड आयलंडमधल्या या बंदरात ईस्टन्स पॉइंट नावाच्या वस्तीत ही क्वेकर, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती पंथाची, कुटुंबं राहायची. जोब आणि ख्रिस्तोफर टाउनसेंड हे दोघे भाऊ. जोबच्या हाताखाली तयार झालेल्या जॉन गॉडर्डने 1746 मध्ये जोबच्याच मुलीशी, हॅनाशी लग्न केलं. ख्रिस्तोफरचा मुलगा जॉन टाउनसेंड (1733 ते 1809) हा या सगळ्यांत माझा सर्वांत आवडता. पुढच्या पिढ्या धरल्या तर दोन्ही घरांत मिळून वीसएक सुतार झाले.

यांची खूण म्हणजे कपाटाचा दर्शनी भाग. तो तीन उभ्या पट्ट्यांत विभागलेला असतो. कडेच्या दोन पट्ट्या पुढे आलेल्या, मधली आत गेलेली, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर एक कोरीव शिंपला. आत गेलेला शिंपला लाकडातच खोदलेला असतो, पुढे आलेले शिंपले पुष्कळदा वेगळे कोरून बसवलेले असतात. खणांची तोंडं मात्र जाड अखंड फळीतून कोरून काढायची, म्हणजे महागाचं लाकूड बरंचसं भुशात जाणार. खुद्द जॉन गॉडर्डनेच 1763 च्या एका पत्रात गिऱ्हाइकाला कळवलं होतं की फुगीर तोंडाचं कपाट शोभिवंत असतं तसंच खर्चिकही असतं. आज तुमचा सुतारही हेच सांगेल.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जॉन टाउनसेंडचं 1765 सालचं खणांचं कपाट आहे, त्याच्या नावाची आणि सालाची चिठ्ठी चिकटवलेलं. त्याच्यासमोर शांतपणे उभे राहा. शिंपल्याच्या पाकळ्या एकाआड एक उंच आणि खोल जातात, आणि सावली इतकी नेमकी पडते की कोरीव काम हलतंय असं वाटतं. या घराण्याचे डव्हटेलचे, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या दात्यांनी एकमेकांत अडकणारे, सांधे बारीक आणि शिस्तीचे असतात. टेबलांच्या पायांशी पक्ष्याच्या पंजात धरलेला गोळा असेल, तर उत्तम नमुन्यांत नखं गोळ्यापासून सुटी कोरलेली दिसतात. नख आणि गोळा यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसतो. पटाशी जरा घसरली की नख गेलं, आणि त्याबरोबर अख्खा पाय.

या सौंदर्याची दुसरी बाजूही घरात वस्तू आणताना ठाऊक असावी. महोगनी कॅरिबियन बेटांवरून आणि मध्य अमेरिकेतून यायचं. तिथे ते तोडायचं काम गुलाम माणसांकडून करून घेतलं जाई, आणि न्यूपोर्ट हे स्वतःच गुलामांच्या व्यापाराचं अमेरिकेतलं मोठं बंदर होतं. कॅटलॉगच्या चकचकीत पानावर हे क्वचित लिहितात. आजही या लाकडाचा प्रश्न सुटलेला नाही. मोठ्या पानांच्या महोगनीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2003 पासून परवान्याचं बंधन आहे. सुताराकडे लाकूड कुठून आलं याचे कागद मागा, आणि मागताना संकोच करू नका.

आता डनलॅप. मेजर जॉन डनलॅप (1746 ते 1792) आणि त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल (1752 ते 1830) हे न्यू हॅम्पशायरमधल्या गॉफ्सटाउन, बेडफर्ड भागातले. घराणं उत्तर आयर्लंडहून आलेल्या स्कॉट वंशाच्या लोकांचं. मोठं बंदर जवळ नाही आणि गिऱ्हाईक शेतकरी, म्हणून लाकूड गावातलंच, बहुतेक मेपल. त्यावर लालसर रंग चढवून महोगनीचा भास आणायचीही रीत होती. सह्या फारशा नाहीत, त्यामुळे ओळख पटते ती घडणीवरून: कपाटाच्या माथ्यावर टोपलीच्या विणीसारखी जाळी, पंख्यासारखे पसरलेले शिंपले, पाठीला पाठ लावलेली एस आकाराची वळणं, आणि बुटक्या बाकदार पायांच्या चौकटीवर एकावर एक चढवलेले खण.

पहिल्यांदा पाहताना हे जरा ओबडधोबड वाटतं. डोकं मोठं, पाय आखूड. मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्यांदा पाहिल्यावर लक्षात आलं की या माणसांनी शहरी नमुन्याची नक्कल केलेली नाही, स्वतःची भाषा घडवली आहे. न्यू हॅम्पशायरमधल्याच मँचेस्टरचं करियर म्युझियम आणि काँकॉर्डची न्यू हॅम्पशायर हिस्टॉरिकल सोसायटी या दोन्हींच्या संग्रहात डनलॅपांचं काम आहे. जाण्याआधी काय मांडलेलं आहे ते विचारून घ्या.

मेपल घेताना एक धोका नीट समजून घ्या. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत महोगनी आडव्या अंगाला साधारण 5 टक्के आकसतं, चेरी 7 टक्के आणि शुगर मेपल जवळजवळ 10 टक्के. आपल्या वापरात फरक इतका पडत नाही, पण प्रमाण तेच राहतं. न्यू जर्सीच्या दमट उन्हाळ्यानंतर हीटर सुरू झाला की मेपल महोगनीच्या दुप्पट हलतं. माझं पहिलं कपाट मेपलचं होतं. करणाऱ्याने खणांचे तळ चारी बाजूंनी सरसाने पक्के चिकटवले होते. पहिल्याच जानेवारीत रात्री कडाड आवाज झाला. सकाळी सगळ्यांत खालचा खण ओढला, तर तळाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर, इतकी रुंद की आईची पैठणी त्यातून खालून दिसत होती. फार वाईट वाटलं. लाकडाचा त्यात काही दोष नव्हता. जुने सुतार तळाची फळी पुढच्या आणि कडेच्या खाचांत नुसती सरकवायचे आणि मागे एखाद-दुसरा खिळा मारायचे, म्हणजे तिला आकसायला, फुगायला वाव राहायचा.

डोमिनींचं थोडक्यात सांगतो. ईस्ट हॅम्प्टनच्या या घरात नॅथॅनिएल नावाचे बाप-लेक आणि नातू फेलिक्स यांनी खुर्च्या, कपाटं, घड्याळं केली, दुरुस्त्या केल्या, आणि लेकाने 1806 मध्ये गावात पवनचक्कीही उभारली. नक्षी जवळजवळ नाही. यांचं मोठेपण असं की त्यांची हजाराहून अधिक हत्यारं टिकली आणि ती आज डेलावेअरमधल्या विंटरथर म्युझियममध्ये, पुन्हा उभ्या केलेल्या त्यांच्या कारखान्यांत बघायला मिळतात. रंध्यांच्या मुठी पिढ्यानपिढ्यांच्या तळहातांनी गुळगुळीत झालेल्या आहेत. तुम्हाला स्वतःला सुतारकाम शिकायचं असेल, तर पहिला नमुना यांचाच घ्या. सरळ रेषा, आसपास मिळणारं लाकूड, आणि चूक झाली तर सुधारता येते.

जुनी मूळ वस्तू विकत घेण्याचा विचार असेल, तर न्यूपोर्टचं नाव सोडूनच द्या. प्रॉव्हिडन्सच्या निकोलस ब्राउनचं न्यूपोर्टमध्ये घडलेलं लिहिण्याचं मेज 1989 मध्ये लिलावात 1 कोटी 21 लाख डॉलरला गेलं. बाजारात स्वस्तात 'कोलोनियल' म्हणून जे मिळतं ते बहुतेक विसाव्या शतकातलं कारखान्याचं काम असतं. ते वाईटच असतं असं नाही, फक्त किंमत त्याप्रमाणे द्या. खण काढून उलटा करा. हाताच्या रंध्याने साफ केलेल्या तळावर बोट फिरवलं तर हलक्या लाटा लागतात. गोल करवतीचे कमानदार ओरखडे दिसले तर ती फळी वसाहतकाळातली नाही. डव्हटेलची दातरी एकसारखी आखीव असेल तर ती यंत्राची.

नवं करून घेणाऱ्यांना माझं मत विचाराल तर रोजच्या वापराच्या खोलीत डनलॅप धर्तीचं, पण मेपलऐवजी चेरीमध्ये. उन्हाने चेरीचा रंग आपोआप लालसर गडद होत जातो, त्यामुळे भास आणायला रंग लागत नाही. माथ्यावरची जाळी कमी उंचीच्या छताखाली गुदमरते, ती वगळून फक्त पंख्याचा शिंपला ठेवावा. न्यूपोर्टचा नमुना मी त्यालाच सुचवेन ज्याच्याकडे एक मोकळी भिंत, बाजूने येणारा उजेड आणि वर्षभर थांबायची तयारी आहे. समोरून सपाट उजेड पडला की शिंपला मरतो आणि सगळा खर्च वाया जातो. त्याने आधी न्यूपोर्टच्या व्हाइटहॉर्न हाउसमध्ये जाऊन मूळ कामं पाहावीत.

आगाऊ रक्कम देण्याआधी सुताराने पूर्वी केलेल्या कपाटाचा एक खण हातात मागा. तळ मागच्या बाजूला मोकळा आहे का, आणि फळीच्या रेषा डावीकडून उजवीकडे जातात का, हे बघा. माझं दुसरं कपाट असं बघून घेतलं. त्याचे तळ दर हिवाळ्यात मागच्या कडेला थोडे आत सरकतात आणि जुलैत परत जागेवर येतात.