बसायची काठी : नऊ महिने, तीन फेऱ्या आणि सौराष्ट्राचा किनारा

ज्यांना फक्त घ्यावी की नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते. गुडघे कुरकुरायला लागलेत पण फिरायची हौस गेलेली नाही, अशांनी घ्यावी. वाळूत नेणार असाल तर मात्र पुढचं सगळं वाचा, कारण वाळूत मी पडले आहे.

गेल्या नवरात्रात सोसायटीच्या गरब्याला तासन्‌तास उभं राहून माझा डावा गुडघा सुजला. सूनबाईनं दुसऱ्याच दिवशी फोनवरून ही काठी मागवली. किंमत १,१५० रुपये. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली तर ८१० ग्रॅम भरली. मिटली की काठी, उघडली की तीन पायांचं तिवई-स्टूल. पाय ॲल्युमिनियमचे, बसायची चकती प्लास्टिकची, भाकरीपेक्षा थोडी लहान. आम्ही बडोद्याची माणसं वस्तू घेतो, बिल जपून ठेवतो आणि सूचनांचा कागद फेकून देतो. तसंच झालं. पहिले चार दिवस मी मुठीकडे पाठ करून बसत होते आणि दर वेळी मागे कलंडल्यासारखं वाटत होतं. खरं तर मूठ पुढे, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये यायला हवी. मग उठताना त्याच मुठीवर जोर देऊन उठता येतं, आणि या वस्तूचा निम्मा उपयोग त्या उठण्यातच आहे. आता अडचण अशी की नऊवारी सोडाच, पाचवारी नेसूनही असं बसता येत नाही. एका अंगानं बसलं की डगमगते. मी प्रवासात सलवार-कुर्त्यावर आले ते या काठीमुळे. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या देव जाणे.

बडोद्यातल्या वापराबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. खंडेराव मार्केटात भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, संध्याकाळी सूरसागर तलावाच्या काठावर, सगळीकडे चालली. फक्त वीस मिनिटांनंतर मांडी बधिर होते. जाऊबाईंनी जुन्या गोधडीची गोल गादी शिवून दिली, तेव्हापासून पस्तीस मिनिटं निघतात.

खरी परीक्षा किनाऱ्यावर झाली. मी शाळेत इतिहास शिकवायचे, हे इंजिनिअर, दोघंही निवृत्त. बरीच वर्षं ठरवत होतो की सौराष्ट्राचा किनारा तुकड्यातुकड्यानं बघायचा. बडोदेकरांचं दुःख असं की समुद्र नकाशावर जवळ आणि गाडीनं लांब. दहेजहून खंभातच्या आखातापलीकडे घोघ्याला जाणारी फेरी-बोट २०१७ साली सुरू झाली तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पुढे गाळामुळे ती बंद पडली आणि २०२० पासून हजीऱ्याहून सुटते. म्हणजे आधी उलट दिशेनं सुरतेकडे जा. आम्ही तारापूर-वटामणच्या रस्त्यानंच गेलो.

पहिला मुक्काम हडप्पा संस्कृतीतलं लोथल, डिसेंबरात. ज्या काठीवर १,१५० रुपये घातले तिची वसुली इथेच झाली. लोथलची ती प्रसिद्ध गोदी म्हणजे भाजक्या विटांचा एक लांबलचक हौद, सुमारे २१८ मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद. लोक येतात, काठावर उभं राहून फोटो काढतात आणि ‘बस, एवढंच?’ म्हणून दहा मिनिटांत परततात. मीही पूर्वी शाळेच्या सहलीबरोबर असंच केलं होतं. या वेळी काठी उघडली आणि बसले. बसल्यावर दहा मिनिटांनी विटांचे थर दिसायला लागतात. दक्षिणेच्या भिंतीतली पाणी सोडायची मोरी दिसते. ह्यांचं आणि माझं तिथंच जुंपलं. उत्खनन करणारे एस. आर. राव याला गोदी म्हणतात, तर काही अभ्यासक म्हणतात की हा साठवणीचा तलाव असावा. ह्यांचं म्हणणं, ‘पाण्याची पातळी राखायची सोय केली आहे म्हणजे आत काहीतरी तरंगत असणार. भाजीवाडीला पाणी द्यायला कोण इतक्या विटा भाजतो?’ मी म्हटलं, पाणी राखायची गरज तलावालाही असतेच. निकाल लागला नाही. समुद्र आता तिथून कितीतरी लांब सरकलाय, त्यामुळे साक्षीदारही नाही. शेजारी वखारीच्या ओट्यांचे चौकोन आहेत. मूळ ६४ होते, आता १२ उरलेत. सावलीला मात्र झाड शोधावं लागतं. टोपी आणि पाणी बरोबर ठेवा.

तळाजा हे नरसी मेहतांचं जन्मगाव. तिथल्या डोंगरात तीसेक बौद्ध लेणी आहेत आणि वर जैन देरासरं, म्हणजे मंदिरं. पायऱ्या गुळगुळीत. इथे काठीचा दुसरा दोष कळला : मिटलेली असताना ती काठी म्हणून बेताचीच आहे. तीन पाय एकत्र मिटतात तेव्हा टोक जाड होतं आणि अरुंद पायरीवर नीट बसत नाही. चढताना चालते, उतरताना मी ह्यांचा हात धरला. एभल मंडप नावाच्या लेण्यासमोर बसून दशमी खाल्ली आणि तेवढ्यावर समाधान मानलं. वरपर्यंत गेले नाही.

मग दीव. याला प्राचीन म्हणायचं की नाही हा वाद घालू नका. पोर्तुगीजांचा किल्ला १५३५ चा, ते गेले १९६१ च्या डिसेंबरात, आणि आता सगळं गाव सुट्टीवर असतं. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही, त्यामुळे शनिवार-रविवारी निम्मं सौराष्ट्र तिथं उतरतं. आम्ही मंगळवारी गेलो, तुम्हीही आडवारी जा. किल्ल्यात तोफांच्या बाजूला सपाट फरशी आहे, तिथं काठी राणीसारखी उभी राहिली. नागवा बीचवर मात्र माझी फजिती झाली. फांद्या फुटलेले ते होक्याचे माड बघत, समुद्राकडे तोंड करून मी ऐटीत बसले आणि काठीचे तीन पाय तीन वेगवेगळ्या वेगानं वाळूत गेले. मी उजव्या कुशीवर, काठी माझ्यावर. दोन मुलगे धावत आले, ‘बा, लाग्युं तो नथी ने?’ लागलं नव्हतं. उठल्यावर त्यांतल्या एकानं काठी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, ‘आ केटलानी?’ म्हणजे, ही केवढ्याची?

यावर उपाय मीच काढला. लोणच्याच्या तीन बरण्यांची रुंद झाकणं घेतली आणि पाय त्यांत ठेवले. वाळूत झाकण बसतं, पाय रुतत नाहीत. मागवताना पेटीत असं काही आलं असतं तर बनवणाऱ्याला फार तर दहा रुपये जास्त पडले असते. एकच त्रास, उठताना झाकणं वाळूतच राहतात. एक तर कायमचंच हरवलं.

दुसरी फेरी उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर. सोमनाथाला मोबाइल, चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात, मी काठीही आपणहून गाडीत ठेवली. आजचं मोठं मंदिर १९५१ चं, पण आपल्या मंडळींनी शेजारचं अहिल्याबाईंचं, १७८३ चं, चुकवू नये. लिंग खाली तळघरात आहे, पायऱ्या थोड्या आहेत. आणि प्रभास पाटणच्या संग्रहालयात जा. जुन्या देवळांचे तुकडे तिथं ठेवलेत. छताचं कमळ, दाराची चौकट, हात नसलेल्या मूर्ती. बाहेर दर्शनाला रांग आणि आत आम्ही तिघंचौघं. तिथं काठीचा आवाज होतो हे लक्षात आलं. उघडताना ‘खट्ट’ होतं आणि रखवालदार दचकून बघतो.

याच फेरीत एका देवळाच्या ओल्या संगमरवरी अंगणात पाय सरकला. पडले नाही, पण रबरी टोप्या बघितल्या तर तीन महिन्यांत गुळगुळीत झालेल्या. रावपुऱ्यात सर्जिकलच्या दुकानात नव्या मिळाल्या, एक ३० रुपयांना. आतला व्यास १६ मिलिमीटर, हे लिहून ठेवा. मी पहिल्यांदा अंदाजानं मोठ्या आणल्या आणि त्या पोरबंदरच्या रस्त्यात कुठेतरी गळून गेल्या.

माधवपूर-घेडला झाकणांचा प्रयोग यशस्वी झाला. जुनं माधवरायाचं देऊळ समुद्राला लागूनच, दगड खाऱ्या वाऱ्यानं इतके खाल्लेत की नक्षी आहे की झीज ते हात लावून कळतं. बाजूला नारळाच्या बागा, पुढे लांबच लांब किनारा. रुक्मिणीचं लग्न इथं झालं असं मानतात आणि रामनवमीपासून मोठी जत्रा भरते. जत्रेशिवाय गेलात तर सगळं आपलंच. उंटवाला दोनदा विचारून गेला, तिसऱ्यांदा येऊन नुसताच शेजारी उभा राहिला.

पण या सगळ्या किनाऱ्यात मला एकच जागा पुन्हा दाखवा म्हटलं तर मी घुमली म्हणेन. ती खरं तर किनाऱ्यावर नाही, बरडा डोंगराच्या पायथ्याशी आहे. पोरबंदरहून सकाळी निघून दुपारी परत येता येतं. जेठवा राजांची ही जुनी राजधानी. नवलखा मंदिराचा चौथरा एवढा उंच की वरचं देऊळ पडकं आहे हे आधी जाणवतच नाही. बहुतेक जण पुढच्या पायऱ्या चढून वर जातात आणि तिथूनच परततात. माझा गुडघा वर चढू देईना म्हणून मी चौथऱ्याला बाहेरून वळसा घातला, आणि मागच्या बाजूला सोंडेत सोंड गुंतवलेले दोन हत्ती भेटले. त्यांच्यासमोर काठी उघडली. पस्तीस मिनिटं झाली, मांडी बधिर झाली, तरी उठावंसं वाटेना. हे वरून हाका मारत होते, ‘अगं, कुठे आहेस?’ मी ओ दिली नाही. खाली उतरून आले तेव्हा म्हणाले, ‘हे तर मला दिसलंच नाही.’

एक गोष्ट तिन्ही फेऱ्यांत खटकली. शिवराजपूरच्या बीचवर, दीवच्या बागांत, सोमनाथच्या समुद्रकाठच्या वाटेवर बाकं आहेत. जिथं माणूस आपणहून बसणारच तिथं बसायची सोय, आणि जिथं पाच मिनिटं बसल्याशिवाय काही कळत नाही त्या पडक्या देवळांपुढे एक कट्टासुद्धा नाही. सरकारी बाक येईपर्यंत काठी आहे.

द्वारकेत गोमतीघाटावरून वर यायला ५६ पायऱ्या. मी चार ठिकाणी बसले, मागून येणाऱ्यांनी वाट करून दिली. द्वारका आणि अख्खं ओखामंडळ स्वातंत्र्यापर्यंत गायकवाडी मुलूख, ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या काळचं, हे तिथल्या रिक्षावाल्याला ठाऊक होतं आणि माझ्या नातवाला नव्हतं. ‘बुडालेली द्वारका दाखवता का?’ असं लोक होडीवाल्यांना विचारतात. काठावरून काही दिसत नाही. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६३ साली गावात खणलं, पुढे लोथलवालेच राव समुद्रात उतरले, तीन भोकांचे दगडी नांगर मिळाले. कल्पनेला तेवढं पुरतं. २०२४ मध्ये झालेल्या सुदर्शन सेतूवर, बेट द्वारकेच्या वाटेत, वारा असा की मी उठल्याबरोबर रिकामी काठी आडवी झाली. पुलावर उघडू नका.

घरी आल्यावर आठ दिवसांनी मधल्या खिट्टीला गंज दिसला. पाय ॲल्युमिनियमचे असले तरी खिट्टी आणि स्प्रिंग लोखंडाची आहे, हे जाहिरातीत नव्हतं. बडोद्याच्या मांडवीतल्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यानं वीस रुपयांत खिट्टी बदलली आणि मशीनचं तेल सोडलं. तेव्हापासून समुद्रावरून आलं की गोड्या पाण्यानं धुते, पुसते, एक थेंब तेल. बदलून मागायचा प्रयत्न केला तर मुदत संपली होती.

तिसरी फेरी मार्चमधली, फक्त कोडीनारसाठी. माझे आजोबा तिथं बडोदा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. अमरेली प्रांताचा हा तुकडा, एका बाजूला समुद्र आणि बाकी बाजूंनी दुसऱ्यांचा मुलूख. कचेरी कुठे होती ते कोणाला सांगता आलं नाही. मग कोडीनारजवळच्या मूळ द्वारका या गावी गेलो. समुद्राकाठी टेकाडावर जुन्या देवळाचे अवशेष आहेत, खाली होड्या. मी बसले होते तेवढ्यात जाळ्याचं गाठोडं घेतलेली एक बाई माझ्यापुढे थांबली. ‘आ शुं छे?’ मी उठून तिला बसायला दिलं. ती बसली ती बराच वेळ उठलीच नाही. होडी यायची वाट बघत होती. मी भिंतीला टेकून उभी. उठली तेव्हा झाकणं वाळूत राहिली. ती बघून तिनं मला वेड्यात काढल्यासारखी मान हलवली, जाळ्याचा नायलॉनचा दोरा तोडला, तिन्ही झाकणांना भोकं पाडली आणि एकेक झाकण एकेका पायाला बांधून दिलं.

गाठी अजून तशाच आहेत. एक झाकण मात्र तडकलंय, त्याच्या जागी मोरावळ्याच्या बरणीचं बघून ठेवलंय. बरणी अजून रिकामी व्हायची आहे.