चार चॅनेल ॲम्पवर सबवूफर: आवाजाला साडेचार, स्क्रूला शून्य

आवाज चांगला, स्क्रू भिकार. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितोय, कारण पावसाळ्यात याच ॲम्पला (गाडीतल्या ॲम्प्लिफायरला) मी एक तारा देऊन मोकळा झालो होतो आणि आता तो बदलतोय. पाच मात्र देणार नाही.

गाडी जुनी स्विफ्ट, केए-२३ पासिंग. निपाणीतून कागल एमआयडीसीला रोजचं जाणं-येणं, शिफ्ट ड्युटी. घरात गाणी ऐकायला सवड नाही, त्यामुळं जे काय ऐकायचं ते कोगनोळी टोलच्या अलीकडं-पलीकडं. मागणी साधी होती: पुढच्या दोन दारांना दोन चॅनेल, आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे दोन्हींची ताकद एकत्र जोडून, डिकीतल्या दहा इंची सबवूफरला (बेसच्या स्पीकरला). कंपनीचं स्पेसिफिकेशन असं (ओम म्हणजे स्पीकरचा विरोध, तो कमी तेवढा ॲम्पवर लोड जास्त): ४ ओमला ७५ वॅट गुणिले चार, २ ओमला १००, ब्रिज केल्यावर ४ ओमला २००. सबसाठी मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, ॲम्प वेगळा घ्यायचा म्हटलं की सहा-सात हजार वर, शिवाय दुसरी वायर, दुसरा फ्यूज, दुसरी फिटिंगची मजुरी. एकात भागत असेल तर दोन कशाला?

खोक्यावर छापलेल्या १२०० वॅटकडं बघूही नका. ॲम्पला फ्यूज दोन, २०-२० अँपियरचे. चाळीस गुणिले साडेतेरा व्होल्ट म्हणजे सलग ५४० वॅट आत जाणार, तर बाहेर १२०० कुठनं येतील?

आता स्क्रू. माझं कामच क्वालिटी इन्स्पेक्शनचं आहे, दिवसभर थ्रेड गेज हातात असतो, त्यामुळं हे मला जास्त टोचतंय हे मान्य. पण म्हणून दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पॉवरच्या तीन टर्मिनलला एम-५ चे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) दिलेत, अडीच एमएमच्या ॲलन कीचे. वरून चकचकीत मुलामा, आत लोण्यासारखा धातू. दुसऱ्यांदा आवळतानाच एकाचं षटकोनी भोक गोल झालं आणि की आत नुसती फिरायला लागली. तीस अँपियर करंट ज्या स्क्रूच्या जिवावर जातोय, तो स्क्रू कंपनीनं कुठल्या भावात घेतला असेल? पैसे वाचवलेच असतील तर किती? चहाच्या अर्ध्या कपाचेही नसतील.

त्यात टर्मिनलचं भोक ८ गेजच्या वायरचं. कंपनीच्याच पुस्तिकेत ४ गेज वायर वापरा असं छापलंय. ८ गेज म्हणजे साधारण ८ चौरस एमएम, ४ गेज म्हणजे २१. फिटिंगवाल्या पोरानं काय केलं? टोकाच्या बाहेरच्या तारा कटरनं छाटल्या, उरलेल्या पिळून आत कोंबल्या आणि त्या गोल झालेल्या स्क्रूखाली दाबून टाकल्या. मी समोर उभा होतो. विचारलं तर म्हणाला, "सगळे असंच करतात दादा."

पहिले काही महिने छान गेले. मग ऐन पावसात, बेळगावला लग्नाला जाताना तवंदी घाटात ॲम्पचा हिरवा दिवा लाल झाला आणि आवाज बंद. पाच-दहा मिनिटांनी आपोआप चालू, बेसचं गाणं लागलं की परत बंद. मागं बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, बरं झालं. त्यांच्यापुरती ही ॲम्पची सर्वोत्तम कामगिरी.

वॉरंटी होती, म्हणून कस्टमर केअरला फोन लावला. इथून खरा तमाशा. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर. तिथं यांचं अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे, मी रोज अर्ध्या वाटेपर्यंत जातोच. पण नाही. "सर, आपका पिनकोड कर्नाटक में आता है." ५९१ ने सुरू होणारा पिन टाकला की त्यांच्या सिस्टीममध्ये हुबळी उघडते. हुबळी इथून पावणेदोनशे किलोमीटर! मी म्हटलं, अहो बिल माझं, वस्तू माझी, मी स्वतः कोल्हापुरात आणून देतो. तर म्हणे जॉबशीट निघणार नाही. सीमाभागातल्या माणसाला याचं नवल नाही, राज्य कुठलं यावर सगळं अडतं, पण ॲम्पच्या दुरुस्तीलाही राज्य असतं हे मला नवीन होतं.

शेवटी कुरियर केला, स्वखर्चानं. दोन आठवड्यांनी हुबळीहून फोन: "एनू प्रॉब्लेम इल्री." काही प्रॉब्लेम नाही. माझं कन्नड बाजारापुरतं, पण एवढं कळतं. 'टेस्टेड ओके' असा स्टिकर लावून ॲम्प परत आला. तो गोल स्क्रू तसाच, आणि दुसरा एक गायब. मी उघडून बघितलं तेव्हा टर्मिनलचं एक भोक रिकामं होतं. त्या दिवशी एक तारा दिला. पाऊण ताऱ्याची सोय असती तर तेवढाच दिला असता.

मत बदललं ते गल्लीतल्या एका डॉल्बीवाल्या पोरामुळं. गणपतीच्या मिरवणुकीला बॉक्सच्या भिंती उभ्या करणारा गडी, त्याला ओम तोंडपाठ. त्यानं सबच्या वायरी ॲम्पमधून काढल्या, मल्टिमीटर लावला, आकडा आला १.७. "काय लावलंय दादा हे? ह्यो दोन ओमचा लोड झाला. ब्रिजला चार पायजे की."

झालं होतं असं की सबवूफर डबल कॉइलचा, ४ ओम अधिक ४ ओम. फिटिंगवाल्यानं दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या, कारण त्याच्या मते ओम कमी तेवढा बेस जास्त. ते मोनो ॲम्पला खरं आहे, जो २ किंवा १ ओम सोसायला बनवलेला असतो. चार चॅनेलमधले दोन ब्रिज केले की प्रत्येक चॅनेलला अर्धाच लोड दिसतो. म्हणजे २ ओमचा सब ब्रिजवर लावला की प्रत्येक चॅनेलच्या अंगावर १ ओम. ॲम्पची हद्द चॅनेलमागं २ ओम. घाटात तो बंद पडला हे बिघाडाचं लक्षण नव्हतंच, जीव वाचवत होता बिचारा. हुबळीच्या टेबलावर ४ ओमचा लोड लावून चालवला असणार, मग 'इल्री' शिवाय काय म्हणणार? स्क्रू कुठं गेला हे मात्र त्यांनी सांगायला हवं होतं.

पोरानं दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडल्या: एकीचा प्लस डाव्या चॅनेलच्या प्लसला, तिचा मायनस दुसरीच्या प्लसला, दुसरीचा मायनस उजव्या चॅनेलच्या मायनसला. इथं एखादी कॉइल उलटी जोडली तर दोघी एकमेकींना ओढतात आणि बेस गायब होतो, म्हणून रंग बघूनच जोडा. लोड झाला ८ ओम. मी लगेच कुरकुरलो, की आता २०० वॅट मिळणार नाहीत. बरोबर आहे, ८ ओमला ब्रिजमध्ये १५० च मिळतात. दोन कॉइल दोन वेगळ्या चॅनेलला जोडल्या तरी ७५ अधिक ७५, तेवढेच. पण २०० आणि १५० यांतला फरक सव्वा डेसिबलचा. कानाला जेमतेम कळेल न कळेल एवढा. पैसे २०० चे दिलेत हे मनाला लागतं, ते वेगळं.

जे आता खरेदीला निघालेत त्यांनी दुकानात वॅट विचारू नका, ओम विचारा. या ॲम्पला एक तर सिंगल कॉइल ४ ओमचा सब घ्या, नाहीतर डबल २ ओमचा, तो सिरीजमध्ये जोडला की बरोबर ४ होतो आणि पूर्ण २०० मिळतात. डबल ४ ओमचा सब स्वस्त मिळतोय म्हणून गळ्यात मारला जातो, मला मारला तसा.

इथं रिव्ह्यू संपायला हवा होता. पण एवढं करूनही मोठ्या आवाजात दिवा मधूनच लाल व्हायचा. हात लावून बघितलं तर ॲम्प कोमट आणि पॉवर टर्मिनल चटका बसेल इतकं गरम, वायरचं लाल प्लास्टिक टोकाला तपकिरी पडलेलं. परत तोच स्क्रू! ढिल्या सांध्यात ०.०२ ओम जरी रेझिस्टन्स आला तरी ३० अँपियरला ०.६ व्होल्ट तिथंच पडतात आणि १८ वॅट उष्णता होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला एवढीच असते. मग कामावरच्या ओळखीनं अलॉय स्टीलचे, ४५एच ग्रेडचे एम-५ ग्रब स्क्रू आणले. गोल झालेला जुना काढायला ड्रिल मारावं लागलं, बुरादा आत सर्किटवर पडू नये म्हणून ग्रीस लावून. छाटलेलं टोक कापून टाकलं, ४ गेजला ८ गेजमध्ये उतरवणारा तांब्याचा पिन-लग क्रिंप केला आणि तो टर्मिनलमध्ये बसवला. शंभर रुपयांच्या आत काम. त्या दिवसापासून लाल दिवा बघितलेला नाही.

अर्थिंगही तेव्हाच बघून घेतलं. सीटच्या बोल्टला रंगावरच लग आवळला होता. रंग खरवडून पत्रा उघडा केला, वायर अर्धा मीटरच्या आत ठेवली. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून जी शिट्टी यायची ती निम्म्याहून कमी झाली. बॅटरीपाशी फ्यूज आहे का तेही बघा, ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो ॲम्पसाठी नसतो. वायर कुठं पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो.

ॲम्पवरचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायचं बटण, हे फिटिंगवाल्यांना कोण सांगणार? माझा फुल्ल पिळलेला होता. सब सोडवून, बास बूस्ट बंद करून, ५० हर्ट्झचा टोन लावायचा, स्टिरिओ पाऊण आवाजावर, आणि आउटपुटला मल्टिमीटर एसीवर. वॅट गुणिले ओम, त्याचं वर्गमूळ. १५० गुणिले ८ म्हणजे १२००, वर्गमूळ साधारण ३४.६ व्होल्ट. तिथं गेन थांबवायचा. घरातली वीजही ५० हर्ट्झचीच, त्यामुळं तीनशे रुपयांचा मीटरही या टोनला बरोबर दाखवतो. सबचा लो पास (खालचेच सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर, दारांचा हाय पासही (वरचेच सूर जाऊ देणारा) ८० वर. दारांच्या स्पीकरवरचं बेसचं ओझं गेल्यावर आवाज जो स्वच्छ झाला, त्यासाठीच खरं तर अर्धा तारा वाढवलाय. ढोलकीची थाप आता गाडीच्या पुढून येते, डिकीतून नाही.

तर आवाजाला साडेचार. स्क्रूला शून्य. सर्व्हिसला काय द्यायचं ते तुमच्या पिनकोडवर.

राहिली एक बारीक कटकट. मागची नंबर प्लेट खडखडायची, ती फोमच्या टेपनं बंद झाली. डिकीच्या झाकणातून अजून एक किर्रर्र येते, चाळीस-पन्नास हर्ट्झच्या आसपास, गाडी थांबली की जास्त. लॉकचं रबर बदललं, पार्सल ट्रे काढून बघितला, फरक नाही. स्विफ्टवाल्या कुणाला माहीत असेल तर सांगा.