कडक क्लिअर कोटवरचे स्वर्ल: रोटरी की ड्युअल ॲक्शन?

ऑडी, मर्सिडीजसारख्या गाड्यांचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, बहुधा कडक असतो. उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे, म्हणजेच स्वर्ल, मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने तिथे हलत नाहीत.

रोटरी पॉलिशिंग मशीनवर लोकरी पॅड लावून मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांवर (आरपीएम) कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, फिरवलं, तर काम झटपट होतं. पण पॅड एकाच अक्षावर फिरतो, उष्णता एका जागी साठते. बॉनेटच्या कडेला, जिथे थर आधीच पातळ असतो, क्षणभर रेंगाळलात तरी रंग उघडा पडतो. शिवाय होलोग्राम, म्हणजे उन्हात चमकणारे पॅडचे पट्टे, उरतात. म्हणून ड्युअल ॲक्शनचा (पॅड स्वतःभोवती फिरताना छोटी वर्तुळंही काढतो अशा मशीनचा) हात शेवटी फिरवावाच लागतो.

मग सुरुवातच ड्युअल ॲक्शनने का नको? १५ मिमी थ्रो (पॅडच्या त्या छोट्या वर्तुळाचा व्यास), मायक्रोफायबर कटिंग पॅड, कंपाउंडचे ४-५ थेंब, दीड-दोन फुटांचा चौकोन, स्पीड ४-५, मध्यम दाब, आडवे-उभे मिळून ४ ते ६ फेरे. पॅडच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढा. ती फिरायची थांबली, तर दाब जास्त झालाय. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. यात आळस केला, की वाळलेल्या कंपाउंडचे गोळे नवे ओरखडे पाडतात, आणि दोष मात्र मशीनला दिला जातो!

मायक्रोफायबरने किंचित धुरकटपणा येतो. तो फोम पॅड आणि बारीक पॉलिशने जातो. निकाल आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसूनच पाहा, तेलकट चकाकी चरे लपवते.

घरच्या गाडीला ड्युअल ॲक्शनच. रोटरी खोल ओरखड्यांसाठी, तीही सरावलेल्या हातात आणि रंगाच्या थराची जाडी मोजून.