सीबीएस बसस्टँडजवळचं टायपिंगचं दुकान: भाषांतर चांगलं, बाइंडिंग बेताचं

नाशिकला जिल्हा न्यायालयाच्या आसपास झेरॉक्सवाल्यांची रांग आहे, त्यातल्या एका गल्लीत रसवंतीच्या शेजारी दोन पायऱ्या खाली उतरून हे दुकान लागतं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण काकांनीच हात जोडले. म्हणाले, "ताई, चांगलं लिहा, वाईट लिहा, पण नाव नको. फाशीचे कागद छापणारा म्हणून ओळख व्हायची." पाटीवर 'टायपिंग, भाषांतर, स्पायरल, पासपोर्ट फोटो' असं आहे. एवढ्यावर सापडतं.

मी कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखक होते, बहुतेक काळ दिवाणी बाजूला. भाऊबंदकी, वाटप, रस्त्याचे वाद. त्यामुळे टायपिंगच्या दुकानाकडे मी गिऱ्हाईक म्हणून बघतच नाही, तपासणीस म्हणून बघते. माझी सून म्हणते, आई लग्नपत्रिकेतही ऱ्हस्व-दीर्घ शोधतात. खरं आहे ते.

काम काय होतं ते सांगते. नाशिकरोडला आमचा अकरा जणांचा वाचनकट्टा आहे. बहुतेक निवृत्त: दोन शिक्षिका, एक एसटीचे कंडक्टर, प्रेसमधले दोघं, बाकी गृहिणी. टीव्हीवर कुठलाही भयंकर गुन्हा आला की आमच्यात तोच वाद पेटायचा. फाशी द्या, चौकात द्या, नाहीतर फाशीच नको. शेवटी ठरलं की बडबड पुरे, एक तरी निकाल मुळातून वाचू. आणि वाचायचा तर आपल्या गावचा. म्हणून बेलतगव्हाणचा खटला निवडला.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. जून २००३. नाशिकरोडच्या बाजूला बेलतगव्हाण शिवारात पेरूच्या बागेत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, घरातल्या बायामुलींवर अत्याचार झाले. एक बाई आणि तिचा मुलगा जखमी होऊन वाचले. त्या आठवड्यात आमच्या कार्यालयात डबा खाताना दुसरा विषय नव्हता. मीही म्हटलं होतं, "पकडा आणि लटकवा." घास तोंडात असताना म्हटलं होतं, हे नीट आठवतं.

पुढे सहा जण पकडले गेले. भटक्या जमातीतले, मजुरी करून खाणारे. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. मग ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपवाल्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी, सिक्री, अब्दुल नझीर आणि शाह यांनी, सहाही जणांना निर्दोष सोडलं. जवळजवळ सोळा वर्षं आत काढल्यावर. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

पेपरात एवढंच येतं. का सोडलं, हे इंग्रजीत असतं आणि आमच्या कट्ट्यावर इंग्रजी वाचणारे तीन. मी स्वतः केलं असतं भाषांतर, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी स्क्रीन बंद केला होता.

तर आम्ही खुणा करून दिलेल्या बेचाळीस पानांचं भाषांतर. दर पानामागे ११० रुपये, म्हणजे ४,६२० रुपये, माणशी बरोबर ४२० आले. हिशेब इतका चोख सुटला की कंडक्टरकाका खूश. छपाई आणि स्पायरल वेगळे. बाहेर यापेक्षा स्वस्तात होतं, पण स्वस्तातलं मी पाहिलंय. 'वादी' आणि 'प्रतिवादी' यांची अदलाबदल करणारे लोक बसलेत या धंद्यात.

भाषांतर काका करत नाहीत, त्यांची भाची करते. विधीच्या शेवटच्या वर्षाला आहे, दुपारी तीननंतर दुकानात असते. आधी मोबाइलमधून मशीनचं भाषांतर काढते आणि मग ओळ न् ओळ हाताने सुधारते. तिने हे लपवलं नाही, त्याबद्दल एक गुण जास्त. भाषा चांगली आहे. 'अभियोग पक्ष' असलं पुस्तकी न लिहिता तिने 'सरकार पक्ष' लिहिलं, जे कोर्टात आपण सगळे म्हणतो. 'ओळख परेड', 'मुद्देमाल', 'संशयाचा फायदा', सगळं जागच्या जागी. एका ठिकाणी मात्र आमचं वाजलं. फाशी कधी द्यायची याचा जो निकष १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून चालत आलाय, त्याला तिने 'विरळातले विरळ प्रकरण' म्हटलं होतं. मी म्हटलं, दुर्मिळातलं दुर्मिळ कर, लोकांच्या कानावर तेच आहे. ती म्हणाली, "मावशी, दुर्मिळ म्हणजे चांगली वस्तू वाटते. दुर्मिळ नाणं, दुर्मिळ ग्रंथ." मला उत्तर सुचलं नाही. विरळ राहिलं.

या दुकानाची खरी गंमत म्हणजे कच्ची प्रत. पक्की छपाई करण्याआधी ते दुहेरी अंतर सोडून एक प्रत काढून देतात, सोबत पेन्सिल देतात, आणि गिऱ्हाइकाने पानापानावर सही केल्याशिवाय पुढे जात नाहीत. घाई असलेले वकील यावरून काकांना शिव्या घालतात. मीही पहिल्या दिवशी कुरकुरले, कारण उकाड्यात खाली पंखा एकच आणि तो काकांकडे तोंड करून.

मग पान सत्तावीस आलं.

या खटल्याचा जीव ज्या मुद्द्यात आहे तो असा: घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ ला, वाचलेल्या बाईला पोलिसांकडचे गुन्हेगारांचे फोटो दाखवले गेले. तिने त्यातून चार माणसं ओळखली. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर हे झालं, कागद झाला. ते चौघं आरोपपत्रातल्या सहांपैकी कोणीही नव्हते. भलतेच होते. त्या चौघांचा पुढे धड तपासच झाला नाही आणि खटला उभा राहिला तो या सहांवर. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यावरच बोट ठेवलं.

कच्च्या प्रतीत वाक्य होतं: 'साक्षीदाराने फोटोवरून चार आरोपींना ओळखले.'

'इतर' हा शब्द गळला होता आणि 'व्यक्तीं'च्या जागी 'आरोपीं' आलं होतं. मी तीनदा वाचलं. आधी वाटलं, आपलाच डोळा अजून नीट झाला नसेल. इंग्रजी प्रत काकांच्या भिंगाखाली धरून पाहिली. नाही, चूक भाषांतरात. वाक्य व्याकरणाने शुद्ध होतं, अक्षर सुरेख होतं, आणि त्याने सहांपैकी चौघांना पुन्हा गुन्हेगार करून ठेवलं होतं. त्या पोरीचा चेहरा उतरला. मशीनने केलं की तिने, हे तिलाही सांगता येईना. दुरुस्तीला दोन मिनिटं लागली, पण तिने स्वतःहून सगळी बेचाळीस पानं पुन्हा मुळाशी ताडून पाहिली, त्यात चार दिवस गेले, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. काम उशिरा मिळालं ही तक्रार म्हणून लिहायची होती. आता कशी लिहू?

दुकानात बसून राहण्याचा एक फायदा म्हणजे लोकांची बोलणी ऐकू येतात. माझ्या हातातले कागद बघून एक तरुण वकील म्हणाला, "मॅडम, हे सुटले म्हणून मानवाधिकारवाले नाचतात. मेलेल्यांचं कोण बघतं?" दुसरा कोपर्डी म्हणाला, तिसरा दिल्ली म्हणाला. काका मात्र झेरॉक्सच्या मशीनमधला अडकलेला कागद ओढत मला विचारत होते, की फाशी सुनावल्यावर साहेब निब मोडतात हे खरं का. ऐकलंय मीही, पाहिलं नाही. माझ्या वाट्याला फाशीचं डिक्टेशन कधी आलं नाही. आणि आता तर सगळं संगणकावर. कीबोर्ड कुठे मोडणार?

भाचीने मात्र त्या वकिलाला एक गोष्ट ऐकवली, ती मलाही ठाऊक नव्हती. २००९ चा फाशीचा निकाल ज्या जुन्या निकालाच्या आधारावर उभा होता, तो म्हणजे १९९६ चा राजस्थानातला रावजी खटला. त्यात म्हटलं होतं की शिक्षा ठरवताना गुन्हा किती भीषण तेवढं बघा, गुन्हेगाराची परिस्थिती बघायची गरज नाही. हे बच्चनसिंग निकालाच्या सरळ विरुद्ध होतं. आणि बेलतगव्हाणच्या सहांना फाशी सुनावून तेरा दिवस होतात न होतात तोच, १३ मे २००९ ला, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात सांगितलं की रावजीचा निकाल कायद्याला सोडून आहे. तेरा दिवस! २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली की अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेले तेरा जण तुरुंगात आहेत, त्यांची शिक्षा कमी करा. त्या तेरांत हे सहा होते. राजस्थानातले दोघं या साखळीत आधीच फासावर गेले होते. त्यांनी गुन्हा केला नव्हता असं कोणी म्हणत नाही, पण फाशी ज्या नियमाने दिली तो नियमच चुकीचा होता.

वकील गप्प झाला असं लिहिलं तर छान दिसेल, पण तो गप्प झाला नाही. म्हणाला, "कागदावर सगळं बरोबर असतं," आणि स्टँप पेपर घेऊन निघून गेला.

आता बाइंडिंग. बेताचं म्हणजे बेताचंच. अकरापैकी तीन प्रतींची स्पायरल पहिल्या बैठकीतच सुटली. पुढचं प्लास्टिक इतकं पातळ की चहाच्या कपाखाली ठेवलं तर गोल उमटतो. पानांचे आकडे खाली मधोमध न घालता डाव्या कोपऱ्यात घातलेत, ते स्पायरलच्या भोकात जातात. कागद मात्र चांगला, अक्षर मोठं, आमच्या वयाला झेपेल असं. हे मी सांगून घेतलं होतं, तुम्हीही सांगा. नाहीतर ते बारा पॉइंटमध्ये उरकतात.

कट्ट्यावर वाचन चार रविवार चाललं. मला वाटलं होतं वाचल्यावर सगळे एका बाजूला येतील. तसं काही झालं नाही. शिक्षिकाबाई अजून म्हणतात, काही गुन्ह्यांना फाशीच हवी, फक्त तपास चोख करा. प्रेसमधले एक जण नुकसानभरपाईचा आकडा घेऊन बसले, प्रत्येकी पाच लाख. त्यांनी तिथेच सोळाने भागून बाराने भागलं. महिन्याला अडीच हजारांच्या आसपास येतात. न्यायालयाने तपास अधिकाऱ्यांची चौकशी करायलाही सांगितलं, हे वाचल्यावर टाळ्या पडल्या. मग कंडक्टरकाका म्हणाले, "आणि ती बाई? तिचं माणूस गेलं, पोरं गेली. तिनं दोन दिवसांत चार माणसं दाखवली. तिचं कोणी ऐकलंच नाही की हो." ते चौघं गुन्हेगारच होते असं कोणी सिद्ध केलेलं नाही, हे मी सांगितलं. पण काकांचं म्हणणं त्याने खोडलं जात नव्हतं. त्यानंतर चहा येईपर्यंत कोणी बोललं नाही.

मी काय म्हणाले ते विचाराल तर, मी २००३ मधला डबा सांगितला. माझं ऐकलं असतं तर २०१९ मध्ये सोडायला कोणी उरलं नसतं.

पुढचं काम याच दुकानात टाकलं आहे: मुंबईच्या ७/११ च्या, म्हणजे ११ जुलै २००६ च्या, रेल्वे बॉम्बस्फोटांचा उच्च न्यायालयाचा निकाल, २१ जुलै २०२५ चा. त्यात खालच्या न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सातांना जन्मठेप दिली होती, उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. फाशीवाल्यांपैकी एक जण २०२१ मध्येच कोरोनाने नागपूरच्या तुरुंगात वारला होता, निर्दोष ठरला तो त्याच्या माघारी. सरकार लगेच वर गेलं. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. १८० हून जास्त माणसं त्या संध्याकाळी लोकलमध्ये गेली, आणि आमच्या कट्ट्यावरच्या एकीचा चुलतभाऊ पुढच्या डब्यात होता म्हणून वाचला. तेव्हा या वेळी भांडण मोठं होणार.

पाचपैकी चार तारे. एक बाइंडिंगचा कापला. दुकान सकाळी दहा ते रात्री आठ, रविवारी बंद. भाचीची परीक्षा असली की भाषांतराचं काम घेत नाहीत, आधी विचारून जा. यूपीआय चालतं. शुक्रवारी कच्ची प्रत मिळणार आहे. या खेपेला पेन्सिल घरूनच नेणार, आणि पंखाही हातातला.