व्हॉइस ऑफ अमेरिकाचं 'लर्निंग इंग्लिश': दीड वर्ष ऐकल्यावर जे वाटलं ते

दीड वर्ष झालं मी 'लर्निंग इंग्लिश', म्हणजे अमेरिकन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओचे इंग्रजी शिकवणारे कार्यक्रम, ऐकतेय, अगदी रोज नाही पण आठवड्यातले चार-पाच दिवस नक्की, आणि इंग्रजी बोलणं सुधारायला काय केलंस असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

आधी माझी अडचण सांगते, कारण तुमचीही तीच असेल तर हे तुमच्या कामाचं आहे. मला वाचता येत होतं, मेल लिहिता येत होते, ग्रामरमध्ये कधी मार्क गेले नाहीत, पण समोरचं माणूस भरभर बोलायला लागलं की शब्द सगळे ओळखीचे आणि वाक्य मात्र डोक्यावरून जायचं. एकदा कॉलवर अमेरिकन टीममधली एक बाई म्हणाली 'लेट्स टेबल दिस', मला वाटलं हा विषय टेबलावर घेऊया म्हणतेय, म्हणून मी दोन रात्री जागून सगळं तयार केलं आणि तिचं म्हणणं होतं की हे आत्ता राहू दे, नंतर कधीतरी बघू. नंतर शोधलं तेव्हा कळलं की ब्रिटनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ चर्चेला घेणं असाच होतो, फक्त अमेरिकेत उलटा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी याच एका शब्दावरून बराच वेळ भांडले आणि शेवटी लक्षात आलं की दोघांना हवंय एकच, हे स्वतः चर्चिलनी लिहून ठेवलंय. ते वाचून मला खूप धीर आला खरं सांगते, म्हणजे चूक हुशारीची नव्हती, शब्दामागचा देश माहीत नव्हता एवढंच.

त्याआधी मी एका क्लासला पैसे भरले होते, नाव नको घ्यायला. तिथे इडियमची, म्हणजे वाक्प्रचारांची, भलीमोठी यादी दिली, डावीकडे इंग्रजी उजवीकडे अर्थ, आणि पाठ करा. पाठ झाली पण त्यातलं एकही तोंडात बसलं नाही. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' पहिल्या पानावर होतं, आणि आजपर्यंत एकाही इंग्रजी बोलणाऱ्या माणसाने माझ्यासमोर ते वापरलेलं नाही, धो धो पाऊस असला तरी ते आपलं साधं 'पोअरिंग' म्हणतात.

आता मूळ मुद्दा. लर्निंग इंग्लिश ही व्हॉइस ऑफ अमेरिकाची सेवा, आधी तिला स्पेशल इंग्लिश म्हणायचे, १९ ऑक्टोबर १९५९ ला रेडिओवर सुरू झाली. कल्पना एकदम साधी होती, साधारण १५०० शब्दांची ठरलेली यादी, छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि वाचायचा वेग नेहमीच्या दोन तृतीयांश. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं हे फारच हळू आहे, लहान मुलांसाठी असावं, पण आठ-दहा दिवसांनी कळलं की या हळू वेगामुळेच मला शब्दांमधले छोटे तुकडे, ते 'अ', 'द', 'हॅड', 'वुड', पहिल्यांदा ऐकू येतायत, जे मी इतकी वर्षं बोलताना गाळत होते कारण ते कानावर कधी पडलेच नव्हते. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीही हे वापरून बघावं.

सगळ्यात आवडता कार्यक्रम 'वर्ड्स अँड देअर स्टोरीज'. काही मिनिटांचा भाग असतो, एखादी म्हण किंवा वाक्प्रचार घेतात, तो कुठून आला, कधी वापरतात, कधी वापरू नये, मग दोन माणसांचा छोटा संवाद आणि शेवटी अवघड शब्दांचे अर्थ. बेसबॉलवाले भाग ऐकले आणि माझी निम्मी मीटिंग उलगडली हो! क्रिकेट माहीत असलं की 'नॉक्ड फॉर सिक्स' (पार हादरून जाणं) आपोआप कळतं, तसंच बेसबॉलचं मैदान डोळ्यासमोर आलं की थोडक्यात संपर्क साधण्याला 'टच बेस' का म्हणतात, 'कव्हर ऑल द बेसेस' म्हणजे सगळ्या बाजूंची तयारी ठेवणं कसं, 'स्टेप अप टू द प्लेट' म्हणजे जबाबदारी घ्यायला पुढे येणं कसं, हे समजून घ्यावं लागत नाही, दिसतंच. 'बॉलपार्क फिगर' मागितली की आता मी सरळ अंदाजे आकडा सांगते. 'कर्व्हबॉल' म्हणजे हवेत वळणारा चेंडू, म्हणून अचानक आलेली अडचण. यादीतून हे मला दहा वर्षांत आलं नसतं.

आणि याची सवय लागली की मग तुम्ही स्वतः खोदायला लागता. 'स्टील समवन्स थंडर' घ्या, दुसऱ्याचं श्रेय पळवणं. जॉन डेनिस नावाचा नाटककार होता लंडनमध्ये, त्याने १७०९ मध्ये आपल्या नाटकासाठी ढगांच्या गडगडाटाचा आवाज काढायची नवी युक्ती शोधली, नाटक पडलं, पण थोड्याच दिवसांनी त्याच थिएटरात शेक्सपिअरच्या नाटकाला तोच गडगडाट त्याला ऐकू आला आणि तो चिडून ओरडला की माझं नाटक चालू देत नाहीत पण माझा गडगडाट चोरतात, अशी गोष्ट सांगतात. ही एकदा ऐकल्यावर कोण विसरेल? किंवा 'रीड द रायट ॲक्ट', म्हणजे खडसावणं, मला वाटायचं नुसता अलंकार आहे, पण तो ब्रिटनमधला खराखुरा कायदा होता, १७१५ पासून लागू, बारा किंवा जास्त माणसं दंगा करायला जमली की अधिकारी मोठ्याने जाहीरनामा वाचायचा आणि तासाभरात पांगायचं, नाहीतर जबर शिक्षा. १९६७ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होता. आता कोणी म्हणालं की बॉसने रायट ॲक्ट वाचला, तर तो आवाज किती चढलेला असेल हे बरोबर कळतं, आणि अर्थापेक्षा ते कळणं जास्त गरजेचं असतं. 'टर्न अ ब्लाइंड आय' ला तर आपला कानाडोळा आहेच, त्यांनी फक्त कान सोडला.

गोष्टींसाठी 'अमेरिकन स्टोरीज' आहे, ओ. हेन्री, जॅक लंडन, मार्क ट्वेन वगैरेंच्या कथा सोप्या इंग्रजीत करून वाचलेल्या. या सुरुवातीला ऐकू नका असं मी सांगेन, दोन-तीन महिने थांबा, मग दिवे घालवून ऐका.

ग्रामर. मला ग्रामर येतं असा माझा पक्का समज होता, पण 'एव्हरीडे ग्रामर' ऐकायला लागल्यावर मी स्वतःच्या चुका वहीत लिहायला लागले तेव्हा दिसलं की आपल्या बऱ्याच चुका मराठीतून येतात. आपण 'दोन वर्षांपासून' आणि 'सोमवारपासून' दोन्हीला एकच 'पासून' लावतो, म्हणून तोंडातून 'सिन्स टू इयर्स' जातं. त्यांच्याकडे काळाची लांबी असेल तर 'फॉर', सुरू झाल्याचा क्षण असेल तर 'सिन्स'. आणि आपण 'मी इथे दोन वर्षं राहतेय' म्हणतो तिथे त्यांना 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. नियम मला शाळेपासून माहीत होता, पण कार्यक्रमांमध्ये तीच रचना कानावर पंचवीस वेळा पडल्यावर जीभ वळली. फ्रेझल व्हर्ब्जचं, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ होतो त्यांचं, पण तसंच, 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'पुट अवे', हे सुटे पाठ करायच्या फंदात पडू नका, वाक्यासकटच उचला.

अगदी सुरुवातीपासून करायचं असेल तर 'लेट्स लर्न इंग्लिश' आहे, वॉशिंग्टनला नव्याने राहायला आलेली ॲना आणि तिचे दिवस, पहिल्या लेव्हलचे ५२ धडे, दुसरीचे ३०. माझ्या भाच्याला तेच लावून दिलं. सगळं फुकट आहे आणि प्रत्येक ऑडिओखाली पूर्ण मजकूर असतो. तो मजकूर आधी उघडू नका प्लीज! एकदा नुसतं ऐका, मग वाचत ऐका, मग निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने बोला, त्याच्याच चढउतारात. मी एक भाग तीन दिवस पुरवते.

एक नियम मात्र मी स्वतःला घालून घेतलाय, नवा इडियम तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्याशिवाय वापरायचा नाही. एका मेलमध्ये चार-चार इडियम कोंबले की वाचणाऱ्याला ओढूनताणून लिहिल्यासारखं वाटतं. आणि मराठीचे तर उचलून तिकडे नेऊच नका, 'डोकं खाऊ नको' चं शब्दशः इंग्रजी केलं तर समोरचा घाबरेल.

हे कोणाला पुरणार नाही तेही सांगते. ज्यांना भरभर बोललेलं आधीच कळतं त्यांना हा वेग कंटाळवाणा होईल. आणि हे सगळं अमेरिकन आहे, तुमचं काम ब्रिटिश लोकांशी असेल तर जोडीला बीबीसीचं 'द इंग्लिश वी स्पीक' ऐका, तेही काही मिनिटांचंच असतं.

अजून एक, मार्च २०२५ मध्ये अमेरिकन सरकारच्या आदेशानंतर व्हॉइस ऑफ अमेरिकाचं काम जवळपास ठप्प झालं, मला ती बातमी वाचून घरातलं कोणी आजारी पडावं तसं वाटलं. त्यामुळे ताज्या बातम्यांच्या इंग्रजीसाठी यावर विसंबू नका. पण इडियम आणि गोष्टी शिळ्या होत नाहीत, जुने भाग जे हाताला लागतील ते ऑडिओ आणि मजकूर दोन्ही उतरवून ठेवा. माझ्या फोनमध्ये साधारण दोनशे आहेत, बेसबॉलचे पहिल्या फोल्डरमध्ये.